सबळ आणि दुर्बळ युक्तिवाद कसे ओळखावेत

धोरणविषयक प्रश्नावरील युक्तिवाद पारखताना स्वतःचे मत काही काळ बाजूला ठेवावे, कारण आपल्याला आवडणाऱ्या निष्कर्षाकडे नेणारा कच्चा युक्तिवादही पक्का वाटू लागतो. ‘सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानावर बंदी असावी का?’ हा प्रश्न घ्या. ‘इतरांच्या धुरामुळे धूम्रपान न करणाऱ्यांनाही फुप्फुसाचा कर्करोग आणि हृदयविकार होऊ शकतो’ हा युक्तिवाद सबळ आहे. तो प्रश्नाच्या गाभ्याला भिडतो, पडताळता येतो आणि बंदी सार्वजनिक ठिकाणीच का हवी, हेही सांगतो. ‘अनेक देशांत अशी बंदी आहे’ हे विधान खरे असूनही दुर्बळ ठरते, कारण तिथे बंदीचा परिणाम काय झाला हे त्यातून कळत नाही. ‘सगळा तंबाखू व्यवसाय बुडेल’ ही अतिशयोक्ती आहे. मात्र ‘काहींचा रोजगार घटेल’ हा आक्षेप झटकून टाकू नये. किती जणांचा, किती काळ आणि त्यावर उपाय आहे का, हे विचारावे. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद एकाच वेळी सबळ असू शकतात. माझ्या मते नवशिक्यांची सर्वाधिक गल्लत इथेच होते. एक बाजू पटली की दुसरी आपोआप दुर्बळ ठरवली जाते, म्हणून प्रत्येक युक्तिवाद स्वतंत्रपणे मूळ प्रश्नासमोर ठेवून तपासावा.