राखणीच्या अन् मेंढरांमागच्या कुत्र्यासाठी परवडणारं, तरी चांगलं ड्राय फूड कसं निवडायचं

शेतावरच्या कुत्र्याला आपल्याकडं भाकरी, ताक अन् उरलंसुरलं कालवण एवढंच मिळत आलंय. त्यावर कुत्री जगतातही, पण रात्रभर मळ्याभोवती फिरणाऱ्या किंवा दिवसभर मेंढरांमागं चालणाऱ्या कुत्र्याला त्यातून प्रोटीन अन् फॅट कमीच पडतं. म्हणून आता बरेच जण ड्राय फूडची, म्हणजे तयार कोरड्या दाण्यांची गोणी आणायला लागलेत. दुकानात गेलं की मात्र एक गोणी दुसरीच्या तिप्पट भावाची, सगळ्यांवर तसाच चकचकीत कुत्रा, आणि दुकानदार ज्यात मार्जिन जास्त तीच पुढं करतो. तर कुठल्याही कंपनीचं नाव न घेता, गोणी स्वतः कशी पारखायची ते सांगतो.

आधी कुत्रा किती काम करतो ते ठरवा

इथं प्रामाणिक राहायचं. गेटला साखळीनं बांधलेला, रात्रीतून दोनदा भुंकून परत झोपणारा कुत्रा वर्किंग डॉग नाही, त्याला जास्त फॅटचं खाणं दिलंत तर तो फक्त गोल होईल. जुन्नर-आंबेगावकडं उसात बिबट्या असतो, तिथं रात्रभर सावध राहून गोठ्याला चकरा मारणारा कुत्रा मधल्या कामाचा धरा. आणि पावसाळा सरला की धनगराच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, देशावरून कोकणात उतरणारा, रोज मैलोन्‌मैल चालणारा कुत्रा खऱ्या कष्टाचा.

कुत्रा बारीक दिसतोय म्हणून महागडी गोणी घेणार असाल तर थांबा, आधी जंताचं औषध द्या आणि गोचीड बघा. जंत असतील तर खाणं नीट अंगी लागत नाही, अन् गोचीड तापानं खंगलेला कुत्रा कुठल्याही गोणीनं भरून येत नाही, त्याला डॉक्टरच लागतो. आणखी एक, कारवान जातीचा कुत्रा मुळातच सडपातळ असतो, शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या तर तो उपाशी आहे असं समजू नका. बाकी कुत्र्यांच्या बरगड्या दिसायला नकोत, पण हात फिरवला की सहज लागायला हव्यात.

मग कॅलरी काढा

मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. कुत्र्याचं वजन तीनदा एकमेकांशी गुणा, दोनदा वर्गमूळ काढा, येईल त्याला ७० नं गुणा. २० किलोचा कुत्रा असेल तर २० गुणिले २० गुणिले २० म्हणजे ८,०००, पहिलं वर्गमूळ साधारण ८९.४, दुसरं ९.४६, गुणिले ७० म्हणजे जवळपास ६६०. ही नुसतं पडून राहायची गरज. घरच्या कुत्र्याला याच्या दीडपट ते पावणेदोनपट लागतं, मधल्या कामाला दुप्पट म्हणजे १,३०० च्या आसपास, कष्टाच्या कामाला तिप्पट म्हणजे २,००० कॅलरी. बर्फात गाडी ओढणारी कुत्री दिवसाला १०,००० पर्यंत जातात, पण ते आपलं काम नाही. वजनकाटा नसेल तर कुत्र्याला उचलून धान्याच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

गोणी उलटी करा

पुढच्या बाजूला फक्त जाहिरात असते, कामाचं सगळं मागं बारीक अक्षरात, आणि बऱ्याचदा नेमकं शिलाईजवळच्या घडीत. तिथं पहिलं बघायचं ते ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ लिहिलंय का. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ असेल तर ते रोजचं जेवण नाही, ठेवून द्या. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ज्या आफ्को (AAFCO) संस्थेचं नाव बऱ्याच पाकिटांवर असतं तिच्या निकषांत पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला किमान १८ टक्के प्रोटीन आणि ५.५ टक्के फॅट सांगितलंय, पिल्लाला आणि गाभण कुत्रीला २२.५ आणि ८.५, हे ओलावा वगळून. म्हणजे हा तळ झाला, काम करणाऱ्याला यापेक्षा वर हवं. माझ्या मते राखणीच्या कुत्र्याला २२-२४ टक्के प्रोटीन आणि १०-१२ टक्के फॅट पुरे, चालणाऱ्याला २६ च्या आसपास आणि फॅट १५ पर्यंत. प्रोटीनच्या आकड्यावर सगळे भाळतात, पण लांब पल्ल्याला कुत्र्याचं शरीर मुख्यतः चरबीवर चालतं, फॅटचा आकडा आधी बघा.

घटकांची यादी वजनाच्या क्रमानं असते, पण शिजवायच्या आधीच्या वजनाच्या. त्यामुळं ‘ताजं चिकन’ पहिलं लिहिलं तरी त्यात बरंचसं पाणीच असतं, उलट ‘चिकन मील’ म्हणजे वाळवलेली पूड, दिसायला गरीब पण प्रोटीन तिच्यातच जास्त. एकच धान्य मका, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा असं तुकडे करून लिहिलेलं असेल तर ती मक्याचीच गोणी समजा. धान्याला घाबरायचं कारण नाही, शिजलेला तांदूळ-मका कुत्र्याला चांगला पचतो. ‘ग्रेन फ्री’साठी जादा पैसे मोजू नका. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, अशाच खाण्यांचा अन् हृदयाच्या आजाराचा काही संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती, म्हणजे ते जास्त सुरक्षित असंही नाही. लाल-हिरवे दाणे तुमच्यासाठी असतात, कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसतही नाही.

आणि ‘वर्किंग’, ‘ॲक्टिव्ह’ असल्या शब्दांवर जाऊ नका, आकडे बघा. ब्रिटनमध्ये तर वर्किंग डॉगच्या खाण्यावर व्हॅट शून्य आहे, त्यामुळं तिकडं हा शब्द छापायला कंपन्यांना वेगळंच कारण असतं.

आता खरा हिशोब

किलोचा भाव फसवतो, हजार कॅलरीचा भाव काढायचा. गोणीवर कॅलरी छापली असेल तर सोपं, नसेल तर प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि ॲश (म्हणजे जाळल्यावर उरणारी राख, खनिजं) यांचे टक्के शंभरातून वजा करा, उरेल ते कार्ब. ॲश लिहिली नसेल तर ८ धरा. मग प्रोटीन आणि कार्बला ३.५ नं, फॅटला ८.५ नं गुणून बेरीज करायची, ती १०० ग्रॅमची कॅलरी.

समजा पहिली गोणी १४० रुपये किलो, प्रोटीन २०, फॅट ८, फायबर ५, ओलावा १०, ॲश ९. कार्ब उरतं ४८, कॅलरी येते ३०६, म्हणजे किलोला ३,०६०, आणि हजार कॅलरी पडल्या साधारण ४६ रुपयांना. दुसरी १६५ रुपये किलो, प्रोटीन २६, फॅट १५, फायबर ४, ओलावा १०, ॲश ८. कार्ब ३७, कॅलरी ३४८, हजार कॅलरी साधारण ४७ रुपयांना. किलोमागं २५ रुपयांचा फरक वाटत होता तो दीड-दोन रुपयांवर आला, आणि दीड हजार कॅलरीला पहिलीतलं ४९० ग्रॅम लागतं तिथं दुसरीतलं ४३० मध्ये भागतं. हे करून बघितलं की कळतं, सगळ्यात स्वस्त गोणी बहुतेक वेळा स्वस्त नसतेच, आणि सगळ्यात महागही बहुतेकांना लागत नाही, मधल्या थरातच आपलं काम होतं.

लहान पिशवी आणून शेण, म्हणजे शी बघा

एकदम २० किलो घेऊ नका. एक ते तीन किलोची आणा, आठ-दहा दिवसांत जुन्या खाण्यात थोडं थोडं वाढवत जा, एकदम बदललं की जुलाब ठरलेले. मग सकाळी शी बघायची. लहान, घट्ट, उचलली तर मातीवर फारसं न चिकटणारी असेल तर खाणं अंगी लागतंय. मोठे मऊ ढीग पडत असतील, दिवसात तीन-चारदा, तर तुमचे पैसे तिथंच पडतायत, मग पिशवीवर २६ टक्के प्रोटीन छापलेलं असो नाहीतर ३०. महिनाभरात केस चमकायला लागतात का, कुत्रा सारखा खाजवतो का, हेही बघा.

सुटं, पोत्यातून मोजून मिळणारं फूड मी तरी घेणार नाही, कारण त्याला ना तारीख ना बॅच नंबर. मक्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, कुत्र्याचं यकृत जातं त्यानं. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत हे विष असलेल्या ड्राय फूडमुळं बरीच कुत्री मेली आणि माल परत मागवावा लागला. दाणे चुरून वास घ्या, खवट किंवा कुबट आला तर कितीही स्वस्त असो, नको.

गोणी फोडल्यापासून दीड महिन्यात संपेल एवढीच मोठी घ्या. त्याच गोणीचं तोंड गुंडाळून पत्र्याच्या कोठीत ठेवायची, दाणे थेट कोठीत ओतू नका, तळाचं जुनं तेल खवट होऊन नव्यालाही लागतं. पावसाळ्यात तर हमखास.

पूर्ण गोणीवर परवडत नसेल तर?

परवडत नाही बऱ्याच जणांना, त्यात लाज कसली. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला निम्मं ड्राय फूड, निम्मी भाकरी आणि वर एखादं उकडलेलं अंडं, नाहीतर चिकनच्या दुकानातली काळीज-पोटी शिजवून. कालवण मात्र नको, त्यात कांदा-लसूण असतो अन् तो कुत्र्याला बाधतो. शिजवलेली हाडंही नको. पिल्लं आणि गाभण कुत्री यांना मिसळ न करता पूर्ण गोणीचंच द्या, वरून कॅल्शियमची पावडर टाकू नका.

ताक-भाकरीवरून दाण्यांवर आणलेल्या कुत्र्याला पाणी जास्त लागतं, कारण दाण्यात दहाएक टक्केच ओलावा. पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा बदला. मोठं जेवण काम झाल्यावर, तासभर दम खाल्ल्यानंतर द्यायचं. कामाला निघायच्या तोंडावर पोटभर घातलं तर पोट फुगून, पीळ पडून मोठ्या अंगाचा कुत्रा काही तासांत जाऊ शकतो. आणि वाडा एका जागी बसला, चालणं थांबलं, की त्याच आठवड्यात माप कमी करा.