मृदाजीवाणूंतील ऊर्जा चयापचय आणि प्रतिजैविक निर्मिती : प्रयोग कसा मांडावा

स्ट्रेप्टोमायसिस वंशातील मृदाजीवाणू साधारणपणे वाढ मंदावल्यानंतरच प्रतिजैविके तयार करू लागतात. यात पेशीतील ऊर्जेचा वाटा किती, हे तपासण्यासाठी स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर आणि त्याचा निकटचा नातलग स्ट्रेप्टोमायसिस लिव्हिडान्स ही जोडी निवडावी. अ‍ॅक्टिनोऱ्होडिन या प्रतिजैविकाची जनुके दोघांकडेही आहेत. मात्र नेहमीच्या परिस्थितीत पहिला ते मुबलक तयार करतो, दुसरा जवळजवळ नाही.

पेशीत ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी या रेणूच्या घडणीत फॉस्फेट लागते; म्हणून जीवाणू वाढवण्याच्या दोन माध्यमांत फॉस्फेट अनुक्रमे १ आणि ५ मिलिमोलर ठेवावे व बाकीचे सर्व घटक तंतोतंत सारखे असावेत. सामू स्थिर राखण्यासाठी फॉस्फेटचे बफर अजिबात वापरू नये, कारण त्यामुळे प्रयोगाचा पायाच ढासळतो; यीस्ट अर्कातून येणारे फॉस्फेटही हिशेबात धरावे. आगरवर (माध्यम घट्ट करणाऱ्या जेलीसारख्या थरावर) सेलोफेनची चकती पसरून तिच्यावर बीजाणू पेरावेत आणि २८ अंश सेल्सिअसला वाढवावेत, म्हणजे तंतुजाल आगरपासून अलगद सोलून घेता येते. द्रव माध्यमात हे तंतू गुठळ्या करतात, त्यामुळे गढूळपणावरून वाढ मोजणे फसवे ठरते; मापाचा आधार कोरडे वजन हाच असावा.

रंगावर विसंबू नये. अ‍ॅक्टिनोऱ्होडिन आम्लात लाल आणि अल्कलीत निळे दिसते, शिवाय सीलिकलर प्रोडिजिओसिन गटातील लाल द्रव्येही बनवतो. म्हणून नमुन्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ६४० नॅनोमीटरला शोषण मोजावे आणि ते कोरड्या वजनाने भागावे.

एटीपी काही क्षणांत खर्ची पडते. त्यामुळे तंतुजाल उचलताक्षणी बर्फगार पर्क्लोरिक आम्लात टाकून विकरे थांबवावीत, अर्क उदासीन करावा आणि मगच ल्युसिफरेज चाचणी (उत्सर्जित प्रकाशावरून एटीपी मोजणारी) करावी. रंग उमटण्याआधीचे नमुने घेणे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण एटीपीतील बदल निर्मितीच्या आधी झाला की नंतर, हे त्याशिवाय कळत नाही.

एटीपी कमी आणि अ‍ॅक्टिनोऱ्होडिन जास्त एवढे दिसले, तरी कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. त्यासाठी लिव्हिडान्सचा पॉलिफॉस्फेट कायनेज जनुक काढलेला वाण घ्यावा. हे विकर फॉस्फेटच्या टंचाईत एटीपी पुन्हा भरून काढण्यास हातभार लावते आणि ते नसताना लिव्हिडान्सही भरपूर अ‍ॅक्टिनोऱ्होडिन तयार करतो. तोच जनुक परत घातल्यावर निर्मिती घटते का, हे त्याच दोन माध्यमांत पाहावे.