या चुका टाळा: विज्ञान प्रश्नमंजूषेत हातचे गुण का जातात?

प्रश्नमंजूषेच्या विज्ञान फेरीत चुकलेली उत्तरे नंतर शांतपणे तपासली, तर निव्वळ अज्ञानामुळे चुकलेली उत्तरे त्यांत कमीच सापडतात. स्पर्धकाने विषय वाचलेला असतो आणि उत्तराचा शब्दही त्याच्या ओठांवर असतो, परंतु तो शब्द कोणत्या अटीवर बरोबर ठरतो हे त्याने लक्षात ठेवलेले नसते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत प्रश्न आणि उत्तर एकेका ओळीत छापलेले असल्यामुळे अट गळून पडते आणि उरलेली अर्धी माहिती पूर्ण समजून पाठ केली जाते. पुढील चुका मुख्यतः याच कारणाने घडतात.

विशेषण ऐकण्याआधीच बझर दाबणे

‘सर्वाधिक प्रमाणात आढळणारे मूलद्रव्य कोणते?’ हा प्रश्न या चुकीचा उत्तम नमुना आहे, कारण एवढ्या शब्दांवर त्याचे उत्तर देताच येत नाही. विश्वाविषयी विचारले असेल तर उत्तर हायड्रोजन आहे. भूकवचात वस्तुमानाने सुमारे ४६ टक्के ऑक्सिजन आहे. मात्र भूकवचातील धातूंपुरते विचारले तर सुमारे ८ टक्के असलेले ॲल्युमिनिअम पहिले येते. भूकवच, प्रावरण आणि गाभा धरून संपूर्ण पृथ्वीचा विचार केला, तर तिच्या वस्तुमानात लोहाचा वाटा सर्वांत मोठा आहे, कारण गाभा प्रामुख्याने लोहाचाच बनलेला आहे. वातावरणात आकारमानाने ७८ टक्के नायट्रोजन आहे. मानवी शरीरात वस्तुमानाने ऑक्सिजन पहिला, सुमारे ६५ टक्के. परंतु अणूंची संख्या मोजली तर हायड्रोजन पुढे जातो. म्हणजे ‘कुठे’ आणि ‘कशाने मोजले’ हे दोन तपशील कळल्याखेरीज हायड्रोजन, ऑक्सिजन, ॲल्युमिनिअम, लोह आणि नायट्रोजन यांपैकी कोणतेही उत्तर बरोबर किंवा चूक ठरू शकते. ‘सर्वाधिक’ हा शब्द ऐकताच बझर दाबणारा संघ अशा वेळी केवळ नशिबावर विसंबून असतो.

शरीरशास्त्रातील सापळाही असाच आहे. शरीराचा सर्वांत मोठा अवयव त्वचा, सर्वांत मोठा अंतर्गत अवयव यकृत आणि सर्वांत मोठी ग्रंथीही यकृतच. पण ‘अंतःस्रावी’ हा एक शब्द जोडला गेला की प्रचलित उत्तर अवटू ग्रंथी होते. इतर अंतःस्रावी ग्रंथींवर नियंत्रण ठेवणारी पियूषिका ग्रंथी आकाराने वाटाण्याएवढी असते, तरी ‘प्रमुख ग्रंथी’ ही तिची ओळख डोक्यात पक्की बसल्यामुळे ‘सर्वांत मोठी’ या प्रश्नालाही अनेक जण तिचेच नाव सांगतात.

ग्रहांच्या बाबतीत सूर्याला सर्वांत जवळचा म्हणून बुध सर्वांत उष्ण असणार, असा तर्क केला जातो. प्रत्यक्षात कार्बन डायऑक्साइडच्या दाट आवरणामुळे शुक्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस असते आणि तोच सर्वांत उष्ण ग्रह ठरतो. ‘पृथ्वीच्या सर्वांत जवळचा ग्रह’ विचारताना तर दोन अर्थ संभवतात. कक्षेत फिरताना पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणारा ग्रह शुक्र आहे, परंतु दीर्घकाळातील अंतरांची सरासरी काढली तर बुध अधिक जवळचा ठरतो.

या दोषावर उपाय एकच आहे आणि तो सरावाच्या वेळीच करावा लागतो. टिपणवहीत ‘सर्वाधिक मूलद्रव्य: ऑक्सिजन’ असे न लिहिता ‘भूकवच, वस्तुमानाने, ऑक्सिजन’ असे लिहावे आणि तीच ओळ त्याच क्रमाने पाठ करावी. अट आधी आणि उत्तर नंतर अशी सवय लागली की प्रश्न ऐकतानाही कान आपोआप अट शोधू लागतात.

तापमान आणि दाब गृहीत धरणे

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, हे समुद्रसपाटीवरील वातावरणीय दाबाला धरून केलेले विधान आहे. साधारण १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी सुमारे ९५ ते ९६ अंशांनाच उकळते, एव्हरेस्टच्या शिखरावर ते ७० अंशांच्या आसपास उकळेल, तर प्रेशर कुकरमध्ये वाढलेल्या दाबाखाली १२० अंशांच्या सुमारास. त्यामुळे ‘डोंगरावर डाळ शिजायला वेळ का लागतो?’ या प्रश्नाला ‘तिथे थंडी असते म्हणून’ हे उत्तर चुकीचे आहे. पाणी तिथेही खळखळून उकळत असते, पण उकळत्या पाण्याचे तापमानच कमी असते, हे त्यामागचे खरे कारण आहे.

‘सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा धातू कोणता?’ याचे उत्तर पारा. प्रश्नात ‘धातू’ऐवजी ‘मूलद्रव्ये’ असेल तर पाऱ्यासोबत ब्रोमीनही सांगावे लागते. येथे ‘सामान्य तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश असा संकेत असतो, हे आपल्याकडे विसरले जाते. सीझिअम २८.५ अंशांना आणि गॅलिअम २९.८ अंशांना वितळते. त्यामुळे चंद्रपूर किंवा नागपूरच्या मे महिन्यातील खोलीत कुपीतले गॅलिअम सहज द्रवरूप झालेले दिसेल. ध्वनीचा हवेतील वेग काही पुस्तकांत सेकंदाला ३३१ मीटर आणि काहींत ३४३ मीटर दिलेला असतो, आणि त्यावरून होणारे वाद मी अनेकदा पाहिले आहेत. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला शून्य अंश तापमानाचा आहे आणि दुसरा २० अंशांचा.

‘सार्वत्रिक दाता’ आणि मुंबईत सापडलेला अपवाद

रक्तगटावरील प्रश्नात ‘सार्वत्रिक दाता: ओ गट’ असे उत्तर सर्रास दिले जाते. ते अपुरे आहे. ओ पॉझिटिव्ह रक्तातील लाल पेशींवर आरएच प्रतिजन (पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखखूण) असतो, म्हणून निगेटिव्ह गटाच्या रुग्णाला ते रक्त सहसा देत नाहीत. सार्वत्रिक दाता म्हणायचे तर ओ निगेटिव्ह असेच म्हणावे लागते. शिवाय हे उत्तर लाल पेशींपुरते खरे आहे. प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातील द्रव भागाच्या बाबतीत चित्र उलट होते, कारण तिथे प्रश्न परक्या प्रतिजनांवर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांचा असतो आणि एबी गटाच्या प्लाझ्मात ए किंवा बी प्रतिजनांविरुद्धचे प्रतिपिंड नसतात. प्लाझ्माचा सार्वत्रिक दाता म्हणून एबी गटच सांगावा लागतो.

या नियमाचा सर्वांत महत्त्वाचा अपवाद १९५२ मध्ये मुंबईतच डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला आणि त्यामुळेच तो जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ या नावाने ओळखला जातो. ए आणि बी हे दोन्ही प्रतिजन ‘एच’ नावाच्या मूळ प्रतिजनावर तयार होतात; ओ गटात ए आणि बी नसतात, पण एच असतो. बॉम्बे गटाच्या व्यक्तींमध्ये हा एचदेखील नसतो आणि त्यांच्या रक्तात एचविरुद्धचे प्रतिपिंड असतात. त्यामुळे अशा रुग्णाला ओ निगेटिव्ह रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते. नेहमीच्या गट तपासणीत ए आणि बी यांचीच परीक्षा होत असल्याने हा गट वरवर ओ असाच दिसतो, आणि रुग्ण व दात्याचे रक्त जुळवून पाहताना ओ गटाची प्रत्येक पिशवी विसंगत ठरू लागली की रक्तपेढीतील तंत्रज्ञाच्या मनात शंका येते. मराठी स्पर्धकांनी हा तपशील केवळ एका गुणासाठी पाठ करू नये, तर समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. दुर्मीळ रक्ताच्या दात्यांची नोंद का ठेवावी लागते, हे त्यावरूनच कळते.

जुनी माहिती नवी समजणे

सर्वाधिक उपग्रह कोणत्या ग्रहाला, या प्रश्नाचे उत्तर २०२३ च्या फेब्रुवारीत काही काळ गुरू असे झाले होते. त्याच वर्षी मे महिन्यात शनीने पुन्हा आघाडी घेतली आणि मार्च २०२५ मध्ये १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाल्यावर शनीच्या उपग्रहांची संख्या २७४ झाली. पाच वर्षांपूर्वीच्या पुस्तकातून हा आकडा पाठ करण्यात काहीच अर्थ नाही. किलोग्रॅमची व्याख्याही २० मे २०१९ पासून बदलली असून ती आता पॅरिसजवळ जपलेल्या प्लॅटिनम-इरिडिअमच्या ठोकळ्यावर नव्हे, तर प्लँकचा स्थिरांक या निसर्गातील न बदलणाऱ्या मूल्यावर आधारलेली आहे. जून २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेल्यामुळे राकेश शर्मा यांच्यासाठी ‘अंतराळात गेलेले एकमेव भारतीय नागरिक’ हा शब्दप्रयोगही कालबाह्य झाला. ‘पहिले’ मात्र तेच राहतील.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारबद्दल दोन चुका आढळतात. विवराचे वय सुमारे ५० हजार वर्षे असे अनेक पुस्तकांत छापलेले असते. आर्गॉन समस्थानिकांच्या साहाय्याने नंतर केलेल्या कालमापनातून ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले आहे. दुसरी चूक म्हणजे त्याला ‘भारतातील एकमेव आघात विवर’ (अवकाशातील खडक आदळून झालेला खड्डा) म्हणणे. मध्य प्रदेशातील ढाला आणि राजस्थानातील रामगढ येथेही आघात विवरे आहेत. लोणारचे वेगळेपण ते बेसाल्ट खडकात तयार झालेले असण्यात आहे, आणि हा तपशील ‘एकमेव’ या ढोबळ शब्दापेक्षा कितीतरी अधिक मोलाचा आहे.

माणसाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात असे १९२० च्या दशकापासून तीसेक वर्षे पाठ्यपुस्तकांत छापले जात होते. जो हिन त्जिओ आणि अल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये ४६ ही संख्या प्रसिद्ध केली, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. बदलण्याजोग्या प्रत्येक आकड्यापुढे वहीत तो कोणत्या महिन्यात तपासला ते लिहून ठेवावे आणि स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तेवढेच आकडे पुन्हा पडताळावेत.

नावांची आणि शोधांची अदलाबदल

आकाश निळे दिसण्याचे कारण विचारले की ‘रामन परिणाम’ असे उत्तर फार आत्मविश्वासाने येते. आकाशाची निळाई रॅले विकिरणामुळे, म्हणजे ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले यांनी सांगितलेल्या प्रकाशाच्या विखुरण्यामुळे आहे. त्यात प्रकाशाची तरंगलांबी तीच राहते, फक्त कमी तरंगलांबीचा प्रकाश अधिक विखुरतो. रामन परिणामात विखुरलेल्या प्रकाशाच्या अत्यल्प भागाची तरंगलांबीच बदलते. हा घोटाळा होण्यामागे एक खरी हकीकत आहे. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगाने रामन यांचे लक्ष वेधले. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, हे रॅले यांचे मत त्यांना पटले नाही. त्यांनी निकोल प्रिझममधून पाहत परावर्तित प्रकाश वगळला, तरी पाणी निळेच दिसले. पाण्याच्या रेणूंवरील विकिरणाचा अभ्यास तेथून सुरू झाला आणि २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाच्या शोधापर्यंत पोहोचला. समुद्राच्या रंगात पाणी तांबडा प्रकाश शोषून घेते याचा वाटा मोठा आहे, हेही आज माहीत आहे. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन हा या शोधाचा दिवस आहे. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा.

‘बोसॉन’ हे मूलकणांच्या एका प्रकाराचे नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून आले, तर वनस्पतींची वाढ मोजणारे क्रेस्कोग्राफ जगदीशचंद्र बोस यांचे. या दोघांपैकी कोणालाही नोबेल मिळाले नाही. आइन्स्टाइन यांना १९२१ चे नोबेल सापेक्षता सिद्धांतासाठी मिळाले नव्हते. पुरस्कारात प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचा विशेष उल्लेख होता.

प्रश्नकर्त्यांच्या चुका आणि वाद

शाळा-महाविद्यालयांत प्रश्न काढणाऱ्यांनीही अट गाळण्याची चूक टाळली पाहिजे, कारण त्यांच्या एका सैल वाक्यामुळे नीट अभ्यास केलेला संघ हरतो. चांद्रयान-३ ‘चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर’ उतरले असे लिहिणे चूक आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, म्हणजे ध्रुवापासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावर उतरले. प्रश्न लिहून झाल्यावर त्याचे दुसरे कोणते उत्तर खरे ठरू शकते, ते शोधण्यासाठी तो विषयाच्या शिक्षकाला दाखवावा आणि ग्राह्य पर्यायी उत्तरे स्पर्धेपूर्वीच कागदावर नोंदवावीत.

स्पर्धकांनी हरकत घेताना ‘आमच्या पुस्तकात असे आहे’ असे म्हणण्याचा उपयोग होत नाही. प्रश्नात सुटलेली नेमकी अट सांगावी, उदाहरणार्थ ‘प्रमाण वस्तुमानाने की अणुसंख्येने ते सांगितलेले नव्हते’ किंवा ‘तापमान दिलेले नव्हते’. अशी हरकत पुढचा प्रश्न वाचण्याआधी नोंदवली, तर परीक्षकाला दोन्ही उत्तरे ग्राह्य धरणे किंवा प्रश्न रद्द करून राखीव प्रश्न विचारणे शक्य होते. फेरी संपल्यावर घेतलेली योग्य हरकतही बहुधा वाया जाते.