पिल्लं खुराड्यात ठेवताय? आधी या चुका टाळा

पहिल्या वेळी मी कोंबडीची बारा पिल्लं आणली होती, आठ दिवसांची, आणि दुसऱ्याच सकाळी खुराडं उघडलं तर आत सातच. कडी लावलेली, जाळी फाटलेली नाही, माती पण कुठे उकरलेली नाही. मग खाली वाकून बघितलं तर जाळीच्या एका भोकात पिसं आणि एक इवलासा पाय अडकलेला. पिल्लं झोपताना कडेला जाळीला टेकून झोपतात आणि घुशीने बाहेर बसून एकेक ओढून नेलं, तिला आत यायची गरजच पडली नाही.

तर सगळ्यात मोठी चूक ही जाळीची. दुकानात 'कोंबडी जाळी' म्हणून जी सहा कोनी पातळ जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, पण बाकीच्यांना बाहेर ठेवायला तिचा काही उपयोग नाही, कुत्रं दातांनी फाडतं आणि मुंगूस जरा भोक मोठं असलं की सरळ आत. अर्धा इंची वेल्डमेश (जाड तारेची, सांधे जोडलेली चौकोनी जाळी) घ्या, महाग पडते पण निदान खालच्या दोन फुटांना तरी तीच लावा. घूस खालून बीळ काढते म्हणून तीच जाळी फूटभर जमिनीत पुरा, आणि आमच्यासारखा जांभा असेल, खणताच येत नसेल तर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर फूटभर आडवी पसरून वर दगड ठेवा. कडी साधी फिरकीची नको, उदमांजर (आमच्याकडे कांडेचोर म्हणतात) हाताने ढकलून दार उघडतं. वरून पण झाकायचं हं, घार विसरू नका.

दुसरी चूक म्हणजे एलईडी बल्ब. हसू नका, मी स्वतः लावला होता! उजेड मस्त, ऊब शून्य. पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण 35 डिग्री लागतं आणि मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी करत जायचं, पिसं नीट भरायला पाच-सहा आठवडे लागतात. जुना पिवळा बल्बच हवा, पिल्लामागे 2 वॅट असा हिशोब धरतात, म्हणजे तीस पिल्लांना 60 चा एक, थंडीत थोडा जास्त. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने पक्का बांधा, भुश्यावर पडला तर आग लागते. थर्मामीटर नसला तरी चालेल, रात्री दहाला टॉर्च घेऊन फक्त पिल्लं कशी झोपलीत ते बघा. बल्बखाली एकमेकांवर चढून गठ्ठा केला असेल तर थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर गरम होतंय. सगळी एकाच बाजूला दाटली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय, तिकडे गोणपाट लावा. आणि कोपरे पुठ्ठ्याने गोल करून टाका कारण कोपऱ्यात गर्दी झाली की खालची गुदमरून मरतात.

लाइट गेली की लोक शेगडी ठेवतात आणि वर सगळीकडून प्लास्टिक गुंडाळतात, हे तर अजिबात करू नका, कोळशाच्या धुराने सगळी एका रात्रीत जातात. प्लास्टिक एरवी पण वाईटच. खुराड्यात डोकं घातल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर समजा अमोनिया (विष्ठेतून सुटणारा उग्र वायू) साठलाय, वारा वरून खेळता हवा, थेट पिल्लांच्या अंगावर नको.

खाली नुसता पेपर पसरला तर पाय घसरून फाकतात, काही पिल्लं मग कायमची लंगडी राहतात. भाताचं तूस दोन इंच टाका, पण ओलं झालं की तेवढं काढायचंच, पावसाळ्यात रोज. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांची विष्ठा लाल, रक्ताची दिसली आणि ती पंख पाडून बसायला लागली की बहुतेक कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) असतो, तो ओल्या तुसातूनच वाढतो. अशा वेळी हळद-लसूण करत बसू नका, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरला विचारून पाण्यातून औषध द्या. मानमोडी (राणीखेत) रोगाची लस पाचव्या ते सातव्या दिवशी, ती पण चुकवू नका. पाण्याच्या ताटलीत गोटे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात, बोटभर पाण्यात सुद्धा.

शेवटचं, मोठ्या कोंबड्यांत लगेच सोडायची घाई. दीड महिन्याची झाली की मोठी वाटतात, पण जुन्या कोंबड्या टोचून टोचून डोकं सोलतात. आठ-दहा आठवडे होऊ द्या, आधी आठवडाभर मधे जाळी ठेवून एकमेकांना नुसतं बघू द्या, मग एकदम संध्याकाळी अंधार पडल्यावर दांडीवर नेऊन बसवा. खाणं दोन ठिकाणी ठेवा. दोन-तीन दिवस चोचाचोची चालते, रक्त आलं तरच मधे पडा.