ऐतिहासिक वास्तूचे त्रिमितीय डिजिटल प्रारूप: पर्यटकांसाठी ते कसे तयार करावे

वास्तूचे त्रिमितीय प्रारूप करायला घेण्यापूर्वी ते कोण, कुठे आणि कशावर पाहणार आहे, हे ठरवावे. प्रवासाला निघण्याआधी मोबाइलवर पाहणारा, वास्तूसमोर उभे राहून पडलेल्या भागाचे मूळ रूप शोधणारा आणि अरुंद जिना चढू न शकल्यामुळे वरचा मजला पडद्यावर पाहू इच्छिणारा, या तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत. त्यानुसार छायाचित्रांची संख्या, तपशील आणि फाइलचा आकार बदलतो. याच टप्प्यावर वास्तूच्या व्यवस्थापनाकडून लेखी परवानगी घ्यावी. चित्रण करण्याची, ड्रोन उडवण्याची आणि प्रारूप प्रसिद्ध करण्याची परवानगी या तीन स्वतंत्र बाबी आहेत, आणि तिसरी बहुधा विसरली जाते.

छायाचित्रांवरून वास्तू मोजण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. १८५८ मध्ये जर्मनीतील वेट्झलार येथील कॅथेड्रलचे मोजमाप घेताना आल्ब्रेख्त मायडेनबाउअर उंचावरून पडता पडता वाचला आणि भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रांवरूनच मापे काढता येतील, असे त्याने मनाशी घेतले. आजची फोटोग्रामेट्री त्याच तत्त्वावर चालते: एकच बिंदू दोन किंवा अधिक ठिकाणांहून दिसला की त्याचे अवकाशातील स्थान काढता येते. लेझर स्कॅनर मात्र प्रकाशकिरणाने थेट अंतर मोजतो, त्यामुळे अंधाऱ्या दालनांत आणि साध्या गिलाव्याच्या भिंतींवर तो अधिक भरवशाचा ठरतो. रंग आणि पोत छायाचित्रांतून चांगले येतात. साधने असतील तर दोन्ही वापरावीत. एकच निवडायचे असेल तर पर्यटकांच्या प्रारूपासाठी चांगला कॅमेरा पुरेसा आहे.

सर्वाधिक वेळ चित्रणाला द्यावा, कारण येथे राहिलेली उणीव पुढे कोणतेही सॉफ्टवेअर भरून काढत नाही. ढगाळ दिवस निवडावा. कडक उन्हातील सावल्या दगडाच्या रंगात कायमच्या मिसळून जातात आणि चित्रण लांबले की त्या जागाही बदलतात. लेन्सचे नाभीय अंतर एकदा ठरवल्यावर झूम करू नये, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) कमी ठेवावा आणि शक्य असेल तर ट्रायपॉड घ्यावा. लगतच्या दोन छायाचित्रांत निदान ६० ते ८० टक्के भाग सामाईक असला पाहिजे. नवखे लोक एका जागी उभे राहून कॅमेरा चौफेर फिरवतात. त्यातून सुंदर पॅनोरामा मिळतो, पण कॅमेऱ्याची जागाच बदललेली नसल्यामुळे कोणता भाग किती दूर आहे हे काढता येत नाही. प्रत्येक चित्रासाठी पाऊल पुढे टाकावे, भिंतीला समांतर चालावे आणि कोपऱ्यावर लहान लहान कोनांतून वळावे. वास्तूभोवतीची फेरी सुरुवातीच्याच ठिकाणी पूर्ण करावी, म्हणजे वाटेत साचलेली चूक सॉफ्टवेअरला सुधारता येते. बाहेरून आत जाताना उंबरठ्यावर चित्रांची दाट साखळी घ्यावी, नाहीतर आतील दालन आणि बाहेरील भिंत असे दोन सुटे तुकडे हाती येतात. काच, पाणी, चकचकीत धातू आणि वाऱ्याने हलणारी पाने यांच्याकडून मात्र फारशी अपेक्षा ठेवू नये.

किती जवळून चित्रे घ्यावीत, याचा हिशेब सोपा आहे. ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर ६००० पिक्सेल असतील तर एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा झाला. २४ मिलिमीटरची लेन्स लावून ५ मीटरवरून चित्र घेतल्यास तो पिक्सेल भिंतीवरील १.२५ मिलिमीटर भाग टिपतो. अंतर दुप्पट केले की हा आकडाही दुप्पट होतो. संपूर्ण दर्शनी बाजूसाठी एवढे सूक्ष्म चित्रण लागत नाही, परंतु शिलालेख किंवा कोरीव पट्टी वाचता यायची असेल तर तेवढा भाग जवळून वेगळा टिपावा.

केवळ छायाचित्रांतून आकार मिळतो, माप मिळत नाही. म्हणून ठळक, न हलणाऱ्या बिंदूंमधील काही अंतरे लेझर मापकाने नोंदवावीत. त्यांतील काही प्रारूपाला प्रमाण देण्यासाठी वापरावीत आणि उरलेली तपासणीसाठी राखून ठेवावीत.

पुढील काम मेटाशेपसारख्या सशुल्क किंवा मेशरूमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होते. कॅमेऱ्यांच्या जागा जुळतात, बिंदुमेघ, म्हणजे अवकाशात स्थान ठरलेल्या असंख्य बिंदूंचा संच, तयार होतो, त्यावरून त्रिकोणांची जाळी विणली जाते आणि शेवटी तिच्यावर छायाचित्रांचे रंग चढतात. वाटेत आलेली माणसे आणि भटके बिंदू बिंदुमेघाच्या टप्प्यावरच काढून टाकावेत.

या जाळीत कोट्यवधी त्रिकोण असू शकतात आणि ती साध्या फोनवर उघडणार नाही. मूळ प्रत जपून ठेवून ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये हलकी प्रत करावी: त्रिकोण एक-दोन लाखांपर्यंत उतरवावेत आणि गमावलेला बारकावा नॉर्मल मॅपमध्ये (पृष्ठभागाचे उंचसखलपण प्रकाशात भासवणाऱ्या चित्रात) उतरवून घ्यावा, म्हणजे सपाट पृष्ठभागावरही छिन्नीचे घाव उठून दिसतात. ब्राउझरसाठी जीएलबी आणि अॅपलच्या फोनसाठी यूएसडीझेड हे फाइलचे स्वरूप सोयीचे आहे. नव्या महागड्या फोनवर चाचणी घेऊन समाधान मानू नये. जुना फोन आणि मंद इंटरनेट हीच खरी कसोटी.

पडलेले शिखर किंवा नाहीसा झालेला रंग पुन्हा उभा करायचा असेल तर अधिक सावध राहावे. पडद्यावर अंदाज आणि मोजमाप सारखेच खरे दिसतात, आणि तेथे दिसलेले रूप पाहणाऱ्याच्या मनात पक्के होते. वारशाच्या संगणकीय दृश्यांसाठी २००९ मध्ये सिद्ध झालेल्या लंडन चार्टरचाही आग्रह हाच आहे की, पुराव्यावर आधारलेले काय आणि अनुमान काय, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. मोजलेला भाग मूळ रंगात, पुराव्यावरून बांधलेला भाग फिकट आणि निव्वळ तर्काचा भाग अर्धपारदर्शक ठेवावा, तसेच प्रत्येक निर्णयाचा आधार लिहून ठेवावा. पुनर्रचना एका स्पर्शाने दूर करता आली पाहिजे. अशी सोय नसलेले प्रारूप, कितीही देखणे असले तरी, प्रसिद्ध करू नये असे माझे मत आहे.

सादरीकरणात संयम ठेवावा. टिपा मोजक्या असाव्यात, प्रमाण कळण्यासाठी मानवी आकृती उभी करावी आणि वास्तूच्या पोटात घुसणारी दृश्ये रोखावीत. प्रत्यक्ष जागेवर प्रारूप वास्तूवर बसवायचे असेल तर फोनच्या जीपीएसवर विसंबू नये, कारण त्याची चूक काही मीटरची असते. दर्शनी भाग कॅमेऱ्याने ओळखण्याची पद्धत घ्यावी. सुट्या मूर्तींची नेमकी जागा आणि प्रवेश निषिद्ध असलेली गर्भस्थाने सार्वजनिक प्रतीतून वगळावीत.

मूळ छायाचित्रे, मापे, बिंदुमेघ आणि कामाची नोंद किमान दोन ठिकाणी जपावी आणि एक संच वास्तूच्या व्यवस्थापनाला द्यावा. पॅरिसच्या नोत्र दामचे लेझर स्कॅन कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन याने अभ्यासासाठी केले होते. २०१९ च्या आगीनंतर दुरुस्ती करणाऱ्यांना तीच मापे उपयोगी पडली. पर्यटकांसाठीची हलकी प्रत अशा कामाला पुरत नाही, तेव्हा जागा वाचवण्यासाठी मूळ चित्रे पुसून टाकू नयेत.