पिपात मुरलेली कडक बेल्जियन बिअर चाखायची कशी

बेल्जियमला निघालेल्या माणसाला सगळे एकच सांगतात: सहा छोट्या ग्लासांचा ट्रे मागव, सगळं चाखून बघ. सहा-सात टक्के अल्कोहोलच्या बिअरसाठी हे चालेल. बारा-तेरा टक्क्यांच्या, ओकच्या लाकडी पिपात महिनोन्‌महिने मुरलेल्या बिअरसाठी हा सल्ला वाईट आहे. तिसऱ्या ग्लासाला जीभ बधिर होते, आणि पुढच्या तिन्ही ग्लासांतली मेहनत वाया जाते. अशा बिअरचे एका बैठकीला दोन ग्लास पुरे. ते दोन कोणते आणि कसे प्यायचे, एवढंच शिकायचं असतं.

जागा कशी निवडावी

एकच बिअर साधी आणि पिपात मुरवलेली, अशा दोन्ही रूपांत बनवणारी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, शोधा आणि तिच्याच टॅव्हर्नमध्ये, म्हणजे तिथल्या पिण्याच्या जागेत, बसा. माझी पहिली पसंती पिपे गावच्या द्युब्युइसों ब्रुअरीला. फ्रेंच बोलणाऱ्या एनो प्रांतात, तूर्ने शहराजवळ हे छोटंसं गाव आहे आणि ब्रुअरी १७६९ पासून एकाच घराण्याकडे आहे. १९३३ मध्ये त्यांनी बुश नावाची अंबर, म्हणजे तांबूस-सोनेरी रंगाची बिअर काढली, १२ टक्क्यांची. हीच बिअर ओकच्या पिपात काही महिने राहिली की बुश प्रेस्तिज होते, १३ टक्के. नाताळसाठी बनणारी बुश द नोएल त्यांनी फ्रान्समधल्या बर्गंडीच्या न्वी-सां-जॉर्ज वाइनच्या रिकाम्या पिपांत मुरवली, तिचं नाव बुश द न्वी. चाखायला शिकणाऱ्यासाठी याहून सोयीच्या जोड्या मला माहीत नाहीत.

गाडी नसेल तर ब्रूजला जा. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, जुन्या शहरात, द हाल्व्ह मान ब्रुअरी आणि तिचं टॅव्हर्न आहे. स्ट्राफ हेंड्रिक क्वाड्रुपेल ही त्यांची ११ टक्क्यांची काळपट बिअर, आणि तिचंच पिपातलं रूप म्हणजे हेरिटेज. हेरिटेज मेन्यूवर दिसली नाही तरी विचारा.

‘ओकमध्ये मुरवलेली’ एवढं वाचून ती कडक असेल असं समजू नका. रूसलारच्या रोडेनबाख ब्रुअरीत ओकच्या अवाढव्य उभ्या पिपांच्या रांगाच्या रांगा आहेत, आणि त्यांची ग्राँ क्रू जेमतेम ६ टक्क्यांची आहे. पीप चव देतं. कडकपणा येतो तो माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), साखर आणि यीस्टमधून.

आधी आकडा वाचा

आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर नियमाप्रमाणे ५ ते ८ टक्क्यांमध्ये असते. त्या सवयीने इथे बसू नका. ३३० मिलीच्या १२ टक्क्यांच्या एका बाटलीत जवळजवळ ४० मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या भारतीय व्हिस्कीचे ३० मिलीचे तीन पेग घेतले तर साधारण तेवढंच होतं. म्हणजे एक बाटली म्हणजे तीन स्मॉल.

आणि हे पिताना कळत नाही, धोका तिथेच आहे. बेल्जियन ब्रुअर माल्टच्या जोडीला साखर घालतात. यीस्ट ती साखर पूर्ण संपवतं, त्यामुळे अल्कोहोल वाढतं पण बिअर जड होत नाही. घोट हलका लागतो आणि माणूस घोटामागून घोट घेत सुटतो. बेल्जियममध्ये गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा लिटरभर रक्तात ०.५ ग्रॅम अल्कोहोल अशी आहे. मध्यम बांध्याच्या माणसाची ती एका बाटलीतही ओलांडली जाऊ शकते. ज्याला गाडी चालवायची आहे त्याने पिऊ नये. ‘थोडीशी चालते’ म्हणणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही.

मागवताना

दोघं असाल तर दोघांत मिळून एक साधी आणि एक पिपातली मागवा. एकटे असाल तर छोटं माप मिळतं का विचारा. न मिळाल्यास दोन्ही बाटल्या संपवायलाच हव्यात असा काही नियम नाही. पाणी आठवणीने मागा. बहुतेक ठिकाणी ते विकत घ्यावं लागतं, तरी घ्या.

ओतताना ग्लास तिरका धरा, शेवटी सरळ करा. तळाशी यीस्टचा गाळ असेल तर शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.

थांबा

ग्लास समोर आला की पंधरा-वीस मिनिटं जवळपास काही करायचं नाही. वास घ्या, एक छोटा घोट घ्या आणि ग्लास खाली ठेवा. ‘बिअर थंडगारच हवी’ हा आपला हट्ट इथे सोडायचा. फ्रिजमधून चार-पाच अंशांवर आलेल्या कडक बिअरचा वास ग्लासाबाहेर येतच नाही; थंडीमुळे गोडवा दबतो आणि कडू-तुरट तेवढं पुढे येतं. बारा-चौदा अंशांना तीच बिअर उलगडते. घाई असेल तर ग्लासाचा पोटाकडचा भाग तळहातात धरून बसा. बर्फ मागितला तर टॅव्हर्नवाला बहुधा देईल, पण मागू नका.

पीप ओळखणं

सगळे अडतात ते इथे, आणि मलाही इथेच सर्वांत जास्त वेळ लागला. साधी बिअर आणि पिपातली बिअर लागोपाठ प्यायली की बहुतेकांचं उत्तर एकच असतं: ‘दुसरी जास्त स्ट्राँग आहे.’ बुशच्या लेबलवर फरक एका टक्क्याचा असतो. तोंडात जाणवतो तो फरक बराचसा अल्कोहोलचा नसतोच. ते लाकूड असतं. वाइनच्या पिपातली असेल तर थोडी वाइनही. ‘व्हॅनिलाचा वास शोधा’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तिथून सुरुवात करू नका. नाक सूचनेला पटकन बळी पडतं; व्हॅनिला शोधायला गेलात तर साध्या बिअरमध्येही तो सापडेल.

सुरुवात तोंडातल्या जागांपासून करा. तीन संवेदना आहेत आणि तिघींच्या जागा वेगळ्या. अल्कोहोलची ऊब घशात आणि छातीत, घोट गिळल्यानंतर जाणवते. आंबटपणाने जबड्याच्या कोपऱ्यांत लाळ सुटते. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, मात्र तोंड कोरडं पाडतं. हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळल्यासारखी होते, जांभूळ खाल्ल्यावर होते तशी. लाळ सुटली की तोंड सुकलं, हा एकच प्रश्न स्वतःला विचारा. त्याचं उत्तर खात्रीने देता आलं की अर्धं काम झालं.

मग हा क्रम पाळा. आधी साध्या बिअरचे दोन घोट. तिचा गोडवा कुठला ते लक्षात ठेवा: काकवीसारखा काळपट, की मधासारखा उजळ. केळं, लवंग, मिरी अशा वासांची नोंद करा. ते यीस्टचं देणं आहे आणि पिपातल्या बिअरमध्येही थोड्याफार प्रमाणात राहणार. मग पाण्याचा घोट. मग पिपातली, एकच घोट, तोंडात चार-पाच सेकंद फिरवून. गिळल्यावर तोंड किती वेळ कोरडं राहतं ते पाहा. आणि आता परत साधीकडे या. हा परतीचा घोट लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त तोच शिकवतो. मघाशी भरदार वाटलेली साधी बिअर आता गोड आणि उघडीबोडकी लागते. तिच्यात जे नाही, ते पिपाने दिलं. नाकाला आता कामाला लावा: भाजलेल्या ओकमधून येणारा व्हॅनिला, किंचित ओल्या खोबऱ्याचा वास, आणि वाइनचं पीप असेल तर लाल फळं. लाकडाच्या छिद्रांतून हवा हळूहळू आत जाते, तिच्यामुळे मनुका आणि सुक्या मेव्याकडे झुकणारा एक जुना, मुरलेला वास येतो.

एवढं करूनही फरक कळला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा करा. तोवर बिअरचं तापमान आणखी दोन अंशांनी वाढलेलं असेल.

आंबट लागली तर ती बिघडली असं लगेच ठरवू नका. डिक्समाउडजवळच्या एसेन गावात द डोले ब्रुअर्स ही छोटी ब्रुअरी आहे. तिथल्या ओरबिअरची पिपातली आवृत्ती, स्पेशल रेझेर्व्हा, १३ टक्क्यांची असून आंबूस असते. तिच्यात तो आंबटपणा हवाच. पण नाकाला थेट व्हिनेगर चावला, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास भपकन आला, किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर शांतपणे ग्लास परत द्या आणि कारण सांगा. चांगल्या टॅव्हर्नमध्ये माणूस स्वतः वास घेऊन पाहतो. महागडी बाटली आहे म्हणून खराब बिअर गिळत बसू नका. तुम्ही चाखायला आला आहात.

खाणं नंतर. चीजचे चौकोनी तुकडे, मोहरीची चटणी आणि सेलरीचं मीठ अशी बशी जवळपास सगळीकडे मिळते आणि ती छान लागते, पण मोहरी जिभेवर बसली की टॅनिन कळत नाही. बॅगेतला चिवडाही त्याच कारणासाठी बॅगेतच राहू द्या. उपाशीपोटी मात्र बसू नका. तासभर आधी नीट जेवून या.

घरी नेताना

भारतात परतताना प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ३३० मिलीच्या सहा बाटल्या त्यात बरोबर बसतात; ७५० मिलीच्या मोठ्या दोनच. मी छोट्या घ्यायला सांगेन, तीन साध्या आणि त्यांच्याच तीन पिपातल्या. कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत ठेवा, घरी अंधारात उभ्या ठेवा. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातलं कपाट चालणार नाही, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.