एकाच फोनवर लँडलाइन आणि इंटरनेट कॉल

आईला हॉलमधला एकच फोन उचलायची सवय, म्हणून मी दोन्ही लाइन त्यावरच आणल्या. साध्या फोनवर इंटरनेट कॉल आणणारा अडॅप्टर घ्या, पण एफएक्सओ (बाहेरची लाइन लावायचा) आणि एफएक्सएस (फोन लावायचा) असे दोन्ही पोर्ट असलेला. भिंतीतली लाइन एफएक्सओत, फोन एफएक्सएसमध्ये, नेटवर्क केबल राउटरला. इथे घाई नकोच! एक्स्चेंजच्या लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट असतात, रिंग वाजताना त्याहून बरेच जास्त. ती चुकून एफएक्सएसमध्ये गेली तर अडॅप्टर जळू शकतो. मी दोन्ही तारांना चिठ्ठ्या चिकटवल्या. सेटिंगमध्ये आपत्कालीन नंबर लँडलाइनवरच ठेवा. मग वीज गेल्यावर लँडलाइन चालते का ते पाहायला अडॅप्टरचा विजेचा प्लग काढून फोन उचला. काही मॉडेलांत वीज गेली की फोन आपोआप लँडलाइनला जोडला जातो. आईसाठी मी मुद्दाम तसलंच घेतलं.